ड्रुसिला आजीचं बांधलेलं रान

सोमवार, ५ मे

आज नोकरीचा पहिला दिवस. नासाऊच्या हॉटेलात चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या, आता परत आपल्या गावी, आपल्या समुद्रावर. गणवेशाचा शर्ट इतका फुलाफुलांचा आहे की अल्फियस म्हणाला, इस्मे, उन्हात उभी राहू नकोस, मधमाश्या येतील. नवऱ्याला थट्टा सुचतेय म्हणजे स्वारी खूश आहे. त्यालाही इथंच काम मिळालंय. किनाऱ्यावरच्या टपरीत पाहुण्यांसमोर शंख फोडायचा, आतलं मांस बारीक चिरायचं, वर कांदा, टोमॅटो, मिरची घालून लिंबू पिळायचं आणि वाडगा पुढे करायचा. टोकापासून तिसऱ्या वेढ्यावर हातोडीचा एक ठोका, त्या भोकातून सुरी आत, आणि अख्खा प्राणी बाहेर. अल्फियस अँड्रॉस बेटावरचा, तिकडची माणसं हे काम झोपेतही करतील. मला शंखाचं मांस चालत नाही, अंगावर गांधी उठतात. म्हणून मी नुसतीच बघते.

माझ्याकडे बड्या पाहुण्यांच्या दहा झोपड्या आहेत. प्रत्येकीत दोन बाजा, पंखा, बर्फाची पेटी, आणि घडी घालून बगळा केलेले टॉवेल. बगळा करायला मी नासाऊत शिकले. इथल्या पर्लीनला तो जमत नाही, तिचा बगळा म्हणजे मान मोडलेली कोंबडी. पण बाई मनानं चांगली आहे. आल्या आल्या तिनं मला तुरीचे दाणे घातलेला भात वाढला आणि कोण कोणाच्या मागे आहे ते सगळं सांगून टाकलं.

कंपनीनं बेटाचं नाव मोती किनारा ठेवलंय. आमच्यासाठी ते मॉक्सी बेटच. ही जमीन कधीच कुणा एकाची नव्हती. आमच्या मॉक्सी घराण्यातल्या सगळ्यांची मिळून होती, ज्याला हवं त्यानं पेरावं, ज्याला हवं त्यानं राहावं. ड्रुसिला आजी इथं राहणारी शेवटची. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि मागोमाग कंपनीची माणसं कागद घेऊन आली. बावीस वारस होतो. एकवीस जणांनी सह्या केल्या. मीही केली, कशाला लपवू. सही करणाऱ्याला नोकरी आधी, असं ठरलं होतं. फक्त माझा थोरला भाऊ होझिया अडून बसला आणि कोर्टानं त्याच्या सहीशिवायच त्याचा हिस्सा कंपनीला देऊन टाकला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. खाडीपलीकडे कॉटन बाइट वस्तीत तो ओसरीवर बसतो आणि इकडे बघत राहतो. बघू दे. माझ्या पोटाला त्याच्या हट्टानं भाकरी मिळाली नसती.

आम्हा दोघांना बेटावरच खोली दिलीय. खिडकीतून समुद्र दिसतो. इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मंगळवार, ६ मे

आज जहाज आलं. सकाळी खिडकीत समुद्रच नव्हता, नुसती पांढरी भिंत. साडेआठपासून माणसं उतरायला लागली ती दहा वाजेपर्यंत उतरतच होती. किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना कुंपण आहे, पाण्यात तरंगणाऱ्या दोऱ्या आहेत. वस्तीतल्या कुणालाही कामाशिवाय आत यायची मुभा नाही. होझियाची होडी दोरीच्या पलीकडे तासभर उभी होती. पाहुणे त्याला हात करत होते. त्यानं कुणालाच हात केला नाही.

सात नंबरच्या झोपडीत एक टक्कल पडलेले दंतवैद्य आणि त्यांची बायको आहेत. ते शुक्रवारच्या जहाजानं परत जाणार, तोवर बेटावरच राहणार आहेत. बाई गोड आहे. माझा बगळा मोडायला नको म्हणून बिचारीनं ओलं अंग वाऱ्यावर सुकवलं.

व्यवस्थापक हॉलंडर साहेब दिवसभर कमरेला बोलायचं यंत्र लावून पळत होते. दुपारी त्यांनी झोपड्यांमागचं आजीचं रान पाहिलं आणि झाडांना टांगलेल्या बाटल्या आजच्या आज काढा म्हणाले. काच फुटली, पाहुण्याच्या पायात गेली तर? माळ्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. दुसऱ्यानं पाठदुखी काढली. पर्लीन तर म्हणाली, साहेब, मला समुद्रात ढकला, पण ते सांगू नका.

गुरुवार, ८ मे

आज जहाज नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आजीचं रान म्हणजे दोन एकर खडक. आमच्याकडे जमीन अशी नसतेच. चुनखडीचा कातळ, त्यात मधूनमधून कमरेइतकी भोकं, त्या भोकांत साचलेली ओंजळ ओंजळ माती. त्यातच आजीनं केळी लावल्या, तूर लावली, चिकू आणि आंबट संत्री लावली. आणि रान बांधून ठेवलं. निळ्या औषधाच्या बाटल्यांत कबरीची माती, खिळे आणि आणखी कायकाय भरून, मासे पकडायच्या दोरीनं त्या झाडांना टांगल्या. बांधलेल्या रानातून जो चोरून खाईल त्याला तिथून निघता येत नाही. मालक येईपर्यंत तो त्या रानात राबत राहतो.

यात भिण्यासारखं काही नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना वस्तीतला फर्डी भोपळा चोरायला आला होता. सकाळी आजीबरोबर मी गेले तर गडी घामाघूम, कुदळीनं तण काढतोय. आजीनं त्याला पाणी पाजलं, काय घेतलंस ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं आणि म्हणाली, पुरे झालं, ऊठ, घरी जा. तो उठला आणि गेला. जाताना आजीनं तोच भोपळा त्याच्या हातात दिला. पुढे कितीतरी वर्षं लोक त्याला विचारायचे, काय फर्डी, भोपळा शिजला का.

शेवटी आज हॉलंडर साहेबांनी स्वतः शिडी लावली. हातमोजे घालून एकेक बाटली कापली, खोक्यात भरली आणि खोकं कचऱ्याच्या होडीत गेलं. पर्लीन डोळे मिटून पुटपुटत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, अगं, आता रान आजीचं राहिलंय कुठं? आम्ही विकलं. मालक गेला की आजीनं घातलेला बांधही गेला. कागदावर सही झाली तेव्हाच ते सुटलं. माळी म्हणाला, हेही खरंच. मॉक्सी घरातलीच बाई सांगतेय म्हटल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला.

शनिवार, १० मे

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते. सगळं क्रमानं लिहायचं.

काल सामानाच्या होडीतून लिंबं आलीच नाहीत. जहाज लागलेलं, टपरीपुढे रांग, अल्फियस वैतागलेला. मी म्हटलं, मागे आजीची संत्री लगडलीत, तोडून आण की. त्यानं विचारलं, चालेल का गं? मी म्हटलं, चालेल, काल बोलले ना. हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

अकरा पाहुण्यांनी त्या संत्र्यांचा रस पिळलेलं मांस खाल्लं. हॉलंडर साहेबांनी रोजचा वाडगा खाल्ला. अल्फियसनं सुरीच्या टोकावर घेऊन चव पाहिली. मग लिंबं आली, आणि बाकीच्यांना लिंबं.

दोनच्या सुमारास दंतवैद्य बाजेवरून उठले. पेला नीट खाली ठेवला, झुडपांतून मागे गेले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी कातळ उकरू लागले. बायको हसली. मग तिनंही चष्मा काढून ठेवला आणि गेली. मग पुढच्या झोपडीतले दोघे. मग पाण्यातून एक माणूस ओल्या अंगानं. मग साहेब, कमरेचं यंत्र बोलतंय आणि हे उकरतायत. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पण ओळ सरळ होती, दोघांमध्ये अंतर सारखं, आजी केळी लावायची तसं.

अल्फियस सगळ्यांत शेवटी गेला. मी त्याचा हात धरला होता. त्यानं तो सोडवून घेतला, हातोडी उचलली आणि गेला.

पाच मिनिटांत नखं गेली. त्यानंतर बोटांची टोकं. चुनखडी करवतीसारखी असते. पांढऱ्या दगडावर लाल ओढे आले आणि कुणी साधं कण्हलंही नाही.

एका रखवालदारानं दंतवैद्यांना काखेत हात घालून उचललं. त्यांनी वळून हातातला दगड त्याच्या तोंडावर मारला. तो पडला तरी मारत राहिले. सकाळी झोपडीत मला थँक्यू म्हणणारा माणूस. रखवालदाराच्या तोंडाच्या जागी काही राहिलं नाही तेव्हा थांबले आणि परत उकरायला लागले. रक्त वाहत भोकात गेलं. दंतवैद्यांनी ते मातीत कालवलं आणि वरून हळूच थापटलं.

जहाजाच्या माणसांनी दोघांना बांधून नेलं. एक धिप्पाड बाई होती. धक्क्यावर पोचल्यावर तिनं पट्ट्यातून हात असा ओढला की कातडी मोज्यासारखी पट्ट्यातच राहिली. मग पाण्यात उडी घेतली आणि पोहत परत आली. दुसऱ्याला छोट्या होडीत घातलं होतं. अर्ध्या वाटेत त्यानं शेजारच्या खलाशाचं डोकं धरलं आणि होडीच्या कडेवर आपटत राहिला. बाकीचे ओरडून बाजूला झाले तेव्हा त्यानं उडी मारली. होडीच्या पंख्यात त्याचा पाय गुडघ्याखाली गेला. तो किनाऱ्यावर कोपरांनी सरपटत आला, वाळूत लाल पट्टा ओढत, माझ्या झोपड्यांच्या मधून, आणि ओळीत आपल्या जागी जाऊन बसला.

साडेचारला जहाजाचा भोंगा झाला आणि जहाज निघून गेलं. वरच्या मजल्यावर बाजा वाजत होता.

तेरा जण आहेत. अल्फियस शेवटून दुसरा.

रविवार, ११ मे

कंपनीनं रानाभोवती निळं कापड बांधलंय. कागदही लावलाय, संसर्ग आहे, दोनशे फुटांच्या आत येऊ नये. फ्लोरिडाहून डॉक्टर येणार आहेत. कधी, ते लिहिलेलं नाही. कामगारांना वस्तीत परत पाठवलं. मी गेले नाही. पर्लीनही राहिली. म्हणाली, बये, तुला एकटीला सोडून गेले तर मला जेवण जाईल का.

सकाळी मी पाण्याचा डबा घेऊन कापडाच्या आत गेले. आजी जशी म्हणायची तसंच म्हणायचं मी ठरवलं होतं. अल्फियस हातोडी मारत होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता नाहीत, तरी दांडा तळव्यात धरून मारतो. मी त्याच्या ओठाशी पाणी धरलं. ते हनुवटीवरून गळून गेलं. मी म्हटलं, पुरे झालं, ऊठ, घरी जा. तीनदा म्हटलं. त्यानं ऐकलंच नाही. मग माझ्याच्यानं राहवलं नाही, मी त्याला मिठी मारली. त्यानं हातोडी माझ्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव डोक्यावर येत होता, मी लोळत बाजूला झाले. मी ओळीतून निघाल्याबरोबर तो मला विसरला.

नवऱ्यानं लग्नाच्या एकोणीस वर्षांत माझ्यावर कधी हात उगारला नव्हता.

दुपारी वस्तीतून हवालदार नॉटेज आला. भला माणूस, माझ्या वर्गातला. त्यानं हवेत गोळी झाडली. मग साहेबांना खांद्याला धरून मागे ओढलं. साहेबांनी त्याला खाली पाडलं आणि दोन्ही बाजूंनी दोघं आले. एकानं पाय धरले. मी कापडाला चिकटून उभी होते. त्यांनी त्याचं डोकं भोकाच्या काठावर ठेवलं, नारळ ठेवतात तसं, आणि दगड घातला. राग नव्हता कुणाच्याच चेहऱ्यावर. मग त्याला भोकात ढकलून वर माती ओढली. माती कमी पडत होती ना इतके दिवस.

आता मला कळलं माझं का ऐकत नाहीत. मी मालक नाही. मी सही केली. बांध सुटलाच नव्हता. तो सोडायचा हक्क तेवढा आम्ही एकवीस जणांनी सही करून गमावला.

सही न केलेला एकच आहे.

सोमवार, १२ मे

हात गळ्यात बांधून पर्लीनच्या होडीनं होझियाकडे गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याची ओसरी चढले. तो जाळं विणत होता. मान वर केली नाही. मी सगळं सांगितलं. संत्री तोडायला मीच सांगितलं तेही सांगितलं. तो म्हणाला, मग माझ्याकडे कशाला आलीस? विकलंत ना? ज्याला विकलं त्या मालकाला बोलाव. त्यानं यावं, पाणी पाजावं, घरी जा म्हणावं. मी पाया पडले. तो म्हणाला, आजीच्या कबरीवर हात ठेवून मी शब्द दिलाय, कंपनी असेतो त्या बेटावर पाय ठेवणार नाही. मी म्हटलं, अल्फियस मरतोय रे. तो म्हणाला, तो मॉक्सी नाही.

त्याच्या आवाजात कडूपणा होता, पण डोळे लाल होते. रडला होता की जागला होता, कळलं नाही.

परत येऊन कार्यालयातून कंपनीला फोन लावला. चार जणांकडून फिरत फिरत एक बाई आल्या. आवाज मधासारखा. मी विचारलं, मोती किनाऱ्याचा मालक कोण? त्या म्हणाल्या, कंपनी. कंपनीचा मालक? आणखी एक कंपनी. तिचा? त्या म्हणाल्या, हजारो लोकांचे हिस्से आहेत मॅडम, कुणी एक माणूस असा नाहीये. मी म्हटलं, एक पाठवा. कुणीही एक. आणि पाणी घेऊन पाठवा. त्यांनी विचारलं, तुमच्या तक्रारीचा क्रमांक काय.

ओळीत आज नऊ आहेत. धिप्पाड बाई गेली. पाय तुटलेला गेला. दंतवैद्यांची बायको गेली. चौथं कोण ते मी पाहिलं नाही. जो पडतो त्याला शेजारचे भोकात लोटतात आणि वरून थापटतात. बायकोला दंतवैद्यांनी स्वतः थापटलं. मग पुढच्या भोकाकडे सरकले.

अल्फियस भोकात साचलेल्या गढूळ पाण्यात तोंड घालून पितो. तेवढ्यावर जगलाय.

मंगळवार, १३ मे

आज जहाज आलं. खरंच आलं. बेटाच्या पलीकडच्या टोकाला उतरवलं त्यांना. गाणी लावलीत. मांस भाजल्याचा वास येतोय. निळ्या कापडामागे हातोडीचा आवाज येतो तो गाण्याच्या तालात बुडून जातो. एक बाई चुकून इकडे आली, मला म्हणाली, काही नवं बांधताय का, छान.

सहा उरलेत. साहेब कोपरांनी उकरतात. मनगटाखाली काही नाही.

अल्फियसच्या हाताचं मी लिहिणार नाही.

उद्याचा दिवस तो काढणार नाही. डोळे आत गेलेत. उचकी लागलीय, हातोडीच्या घावाबरोबर उचकी.

पुन्हा होझियाकडे गेले. दार लावून घेतलं त्यानं. मी दाराबाहेर बसून बोलत राहिले, आमची आई, आजी, लहानपणी तो मला खांद्यावर घेऊन खाडी ओलांडायचा ते सगळं. शेवटी आतून ओरडला. तू असतीस त्या ओळीत तर पोहत आलो असतो. शब्द गेला खड्ड्यात, पोहत आलो असतो. पण तुझ्या नवऱ्यासाठी मी होडीची दोरीसुद्धा सोडणार नाही. ऐकलंस? जा आता.

ऐकलं.

बुधवार, १४ मे

सकाळचे नऊ.

तिघं उरलेत. साहेब, दंतवैद्य, अल्फियस.

पर्लीनला सगळं सांगितलं. ती नाही नाही म्हणत होती. मी म्हटलं, तू आणि मी इथं बसून रडलो तर तो दुपारपर्यंत भोकात जाईल. मी सांगते तेवढं कर. होडी घे, होझियाकडे जा, एवढंच सांग — इस्मे ओळीत बसलीय. बाकी काही बोलू नकोस. समजावू नकोस. पाण्याचा डबा तुझ्याकडचाच दे त्याला.

ती रडत गेली. होडी वळली तेवढी पाहिली.

तो येईल. चिडला की तो बोलतो ते खरं असतं, लहानपणापासून. आणि आला की तिघांनाही सोडावंच लागेल, रानात पाय ठेवलेला मालक एकाला सोडून दुसऱ्याला ठेवू शकत नाही. असं मला वाटतं. आजीच्या वेळी दोन चोर एकदम कधी आलेच नव्हते.

भीती वाटते. लिहून टाकते, म्हणजे कमी होईल. झाली नाही.

सव्वानऊ.

संत्रं तोडलं. पिकलंय. दातांनी साल काढली, एका हातानं जमत नाही.

खाल्लं. फार आंबट. आजी याच्यात मीठ घालून द्यायची —

काही होत नाहीये. पर्लीन अर्ध्या खाडीत असेल.

—

पाय ओले वाटतात. नाहीत ओले. वही मांडीवर आहे, लिहिणारा हात माझा आहे. दुसरा, मोडलेला, झोळीतून निघाला. मी काढला नाही. दुखायला हवं. दुखत नाही —

खडक किती मऊ दिसतो

ओळीत आलेय. अल्फियसनं बघितलं माझ्याकडे. पाच दिवसांत पहिल्यांदा. सरकला. जागा केली मला. हातोडी नाही उगारली. शेजारी बसले. गरम आहे अंग. जिवंत आहे —

हात उकरतोय. डावा. उजव्यानं लिहिते. वही सोडायची नाही. वही सोडली की

नख गेलं. बघितलं. गेलं.

माती कमी आहे इथं. दंतवैद्य पडलेत. त्यांना घ्यायला हवं भोकात — नाही, हे मी नाही. हे मी नाही लिहिलं. होझिया येईपर्यंत

होडी. यंत्राचा आवाज. कुठल्या बाजूनं — दोरीच्या अलीकडे की — जहाजाची असेल तर

होझिया, पाणी आण. माझ्याकडे येऊ नकोस आधी. तो शेवटून पहिला. उचकी थांबलीय त्याची. पटकन म्हण. आधी त्याला म्हण. आधी अल्फियसला, मग म